शनिवारच्या बॅचचं रीडिंग

आमच्या कॉलेजात रोल नंबर सांगितला की जात सांगावी लागत नसे. प्रवेशाची यादी लागायची ती अशी: वर खुल्या जागांवरची मुलं, गुणांच्या उतरत्या क्रमाने, ती संपली की खाली राखीव जागांवरची. ऑफिसातल्या बाबूने तीच यादी समोर ठेवून रोल नंबर पाडले. त्यात त्याचा काही डाव नव्हता. दुसरी यादी करण्याचा कंटाळा, बाकी काही नाही. पण त्या कंटाळ्यामुळे वर्गात शेवटचे नंबर पुकारले जायला लागले की पुढच्या बाकांवरच्या माना हळूच मागे वळत. रोज. वर्षभर. मला वाटायचं, एकदा बघून घ्या ना बाबांनो नीट, आणि संपवा.

प्रॅक्टिकलच्या बॅचही त्याच यादीचे तुकडे करून पाडलेल्या. पहिले नंबर सोमवारी, शेवटचे शनिवारी दुपारी. म्हणजे सोमवारच्या बॅचमध्ये शहरातल्या बड्या वस्त्या, धंतोली आणि रामदासपेठ, आणि शनिवारी आम्ही.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी उमरेडचा. घरी हातमाग. आमच्या घरात कॉलेज आतून पाहिलेला मी पहिला. प्रॅक्टिकलला दोघादोघांच्या जोड्या असत. माझा जोडीदार कुहीकडच्या धानाच्या खेड्यातला, बौद्ध. त्याचे वडील दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणी-कापणीला जात. मी इतर मागासांतला, तो अनुसूचित जातींच्या जागेवरचा, आणि दोघंही एकाच सरकारी वसतिगृहात एकाच खोलीत.

मी कृतज्ञ होतो. आजही आहे, आणि हे मी तोंडदेखलं लिहीत नाही. फी माफ नसती, वसतिगृहातलं जेवण नसतं, तर मी उमरेडला मागावर बसलो असतो आणि बहुधा वाईट विणकर झालो असतो. पण कृतज्ञ असणं वेगळं आणि भेटेल त्याच्यापुढे ती कृतज्ञता सिद्ध करत बसणं वेगळं. केस कापायला बसलं की शेजारच्या खुर्चीवरचा विचारी, "काय शिकता? किती टक्के होते?" एसटीत बाजूला बसलेला विचारी. माझ्या एका दूरच्या मामांनी तर भर लग्नात पंगतीत विचारलं. माझे गुण खुल्या यादीत बसले असते इतके होते, पण अर्जावर जात लिहिली म्हणून बाबूने मला खालच्या यादीत घातलं. ते सांगितलं की लोक म्हणत, "मग कशाला सवलत घेतली? एखाद्या गरिबाची जागा खाल्ली की." माझ्या जोडीदाराने त्याचे गुण सांगितले की म्हणत, "इतक्यात भेटली शीट? मजा आहे बुवा, सरकारचे जावई!" म्हणजे माझे गुण जास्त म्हणून मी चोर आणि त्याचे कमी म्हणून तो चोर. नेमके किती गुण असले म्हणजे माणूस चोर ठरत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही.

आता मूळ गोष्ट.

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये टायट्रेशन असतं. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली उभी काचेची नळी. तिच्यात अल्कलीचं द्रावण भरायचं, ज्याची तीव्रता आधी ठाऊक असते. खाली फ्लास्कमध्ये सरांनी दिलेलं आम्ल. वरून थेंब थेंब सोडायचे. फ्लास्क गुलाबी झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. हे झालं रीडिंग. त्यावरून आम्ल किती तीव्र ते काढायचं. आम्ल सर स्वतः मोजून देत आणि आठवडाभर सगळ्या बॅचना तेच. अल्कली मात्र एका मोठ्या बाटलीतून ज्याची त्याने घ्यायची. ती बाटली सोमवारी सकाळी भरली जाई.

त्यामुळे सोमवारी संध्याकाळपर्यंत त्या आठवड्याचं रीडिंग कँटीनमध्ये सगळ्यांना तोंडपाठ झालेलं असे. साडेवीस असेल तर साडेवीस.

आमचं शनिवारी साडेवीस कधीच येत नसे. तेवीस येई. पुढच्या आठवड्यात सोमवारवाल्यांचं अठरा आलं तर आमचं वीसच्या वर जाई. नेहमी जास्तच. आमच्या बॅचमधली शहाणी मुलं नळीकडे बघतसुद्धा नसत. कँटीनचं रीडिंग लिहून मोकळी होत आणि त्यांच्या जर्नलवर टिक पडे. मी आणि माझा जोडीदार जे दिसलं ते लिहीत होतो, आणि आमच्या पानावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ.

"काहून गा," जोडीदार म्हणाला, "आपल्या डोळ्यांत काही बिघाड आहे का?"

"दोघांच्याही?"

"एकाच खानावळीचं वरण पिऊन राहिलो नं आपण."

मग एका शनिवारी सर आपल्या टेबलाशी न बसता प्रॅक्टिकल संपेपर्यंत आमच्या टेबलांमधून फिरत राहिले. कँटीनचं रीडिंग लिहिण्याची कोणाची छाती झाली नाही. सगळ्यांनी जे दिसलं ते लिहिलं. सगळ्यांचं तेवीस, थोडंसं पुढेमागे. सरांनी जर्नलं गोळा केली, एक उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं आणि चष्मा काढला.

"सगळ्यांचं तेवीस?"

त्यांनी चौथंही उघडलं आणि मिटलं.

"एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी ती उतरवली. निदान बरोबर करणाऱ्याचं तरी उतरवायचं!"

माझा जोडीदार मागून हळूच म्हणाला, "सर, नक्कलच करायची असती तं बरोबर उत्तराची नसती केली का? सोमवारपासून फुकट भेटून राहिलं ते."

"त्यालाही अक्कल लागते," सर म्हणाले.

दोनतीन जण हसलेसुद्धा. आपल्यावरच हसले. मला त्या हसण्याचा जास्त राग आला.

सरांनी सांगितलं की या बॅचच्या जर्नलांवर ते सही करणार नाहीत. ही साधी गोष्ट नव्हती. जर्नलवर सही नसेल तर विद्यापीठाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नसे. परीक्षेला बसलो नाही की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की शिष्यवृत्ती बंद. मी कसाबसा उमरेडला जाऊन माग धरून पुन्हा बसलो असतो. जोडीदाराला तर तेवढीही सोय नव्हती. त्याच्या मोठ्या भावाने शाळा सोडली होती ती याला शिकवायचं म्हणून. "मी वापस गेलो तं भाऊ काही म्हणणार नाही," तो मला म्हणाला, "तेच तं वाईट आहे."

सर वाईट नव्हते. हेच माझं खरं दुखणं. वाईट माणसावर चिडता येतं आणि विषय संपतो. सर शिकवत उत्तम. फळ्यावर रेणू काढत ते मला अजून दिसतात; रसायन मला आवडलं ते त्यांच्यामुळे. माझी वही तपासताना एकदा त्यांनी शेजारी शाब्बास लिहिलं होतं आणि ती वही मी उमरेडला नेऊन वडिलांना दाखवली होती. पण शनिवारची बॅच म्हटलं की त्यांच्या डोक्यात उत्तर आधीच तयार असे. मग नळी काय म्हणते याला काही अर्थ उरत नसे.

दुसऱ्या दिवशी रविवार. वसतिगृहाच्या नळावर मी सदऱ्याला खळ करत होतो. खळ घट्ट झाली म्हणून पाणी ओतलं आणि हात थांबला. आमच्या घरी ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजतात, म्हणजे भाताच्या पेजेचा लेप देतात, तेव्हा सुताला बळ येतं. गल्लीत लांब ताणे पसरलेले असत आणि खळ एकाच घमेल्यात. शेवटच्या ताण्यापर्यंत ती पुरत नसे. मग आई घमेल्यात पाणी ओतून ती वाढवी. तो शेवटचा ताणा मागावर चढला की तटातट तुटे, आणि ज्याच्या वाट्याला येई त्या काकाला सगळे म्हणत, "तुझा हातच जड आहे."

मी जोडीदाराला म्हणालो, "बाटलीत पाणी आहे."

"कोणत्या?"

"शनिवारच्या. अल्कली पातळ आहे, म्हणून जास्त लागून राहिली. म्हणून तेवीस."

तो दाढी करत होता. अर्ध्या साबणाच्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे तू सरले सांगणार?"

"हो."

"सांग बाप्पा. माह्या नावानं पण एक शिवी खाऊन ये."

मी सोमवारी सरांकडे गेलो. फार नम्रपणे सांगितलं. अल्कली पातळ असेल तर सगळ्यांचंच रीडिंग सारख्या प्रमाणात वाढेल, आणि तसंच ते वाढलं आहे, हे आकडेमोड करून कागदावर दाखवलं. सरांनी कागद घेतलासुद्धा नाही.

"प्रवेशात सवलत, फीमध्ये सवलत," ते म्हणाले, "आता ब्युरेटमध्येही सवलत पाहिजे का?"

"सवलत नाही सर. बाटली तपासा, एवढंच म्हणतो."

"पाच दिवस ती बाटली सगळ्यांना चालते. सहाव्या दिवशी तिला काय होतं?"

हाच तर माझा प्रश्न होता! शब्दाशब्दाने हाच. पण त्यांनी तो उत्तर म्हणून वापरला आणि पुढची वही ओढली.

मी पुढचे दिवस चरफडत काढले. वसतिगृहात सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणे मोर्चा काढू. एक म्हणे माफी मागून टाका, मोठी माणसं असतात, विरघळतात. शेजारच्या खोलीतला म्हणे, "तुम्ही काहून खरं लिहिलं? चुपचाप कँटीनचं टाकलं असतं तं हे लफडंच नसतं झालं." आणि वैताग हा की त्याचं बरोबर होतं.

त्याच आठवड्यात सोमवारच्या बॅचमधला एक मुलगा शनिवारी बुडालेलं प्रॅक्टिकल भरून काढायला आला. भावाच्या लग्नासाठी अमरावतीला गेला होता. धंतोलीतला, वकिलाचा मुलगा, बोलायला मोकळा. मी त्याला आमच्याच टेबलाशी उभं केलं. असे प्रॅक्टिकल बुडालेले विद्यार्थी आले की त्यांना आतल्या खोलीतून ताजं द्रावण मिळे. तो तिकडे निघाला तेव्हा मी म्हटलं, "एक काम कर. याच बाटलीतलं घे."

"का रे?"

"बघ तर."

त्याने भरलं. हात चांगला होता त्याचा. गुलाबी रंग आला, त्याने नळीशी डोळा नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं.

"यार, या आठवड्याचं तर एकोणीस आहे ना?"

"कँटीनमध्ये."

"माझं साडेएकवीस येतंय."

"आमचंही," जोडीदार म्हणाला. "अभिनंदन. आता तूबी आमच्या बॅचमधला."

तो हसला आणि तसाच जर्नल घेऊन सरांच्या टेबलाशी गेला. आम्ही मागे. सरांनी आकडा पाहिला, त्या मुलाकडे पाहिलं, आणि एक क्षणही न थांबता म्हणाले, "बाटली खराब दिसते. आण बघू."

मी काय सांगू? आठवडाभर जे मी कागदावर, आकड्यांत, हात जोडून सांगत होतो, ते त्या मुलाने एक शब्द न बोलता सिद्ध केलं. त्याचं रीडिंग चुकलं तर बाटली खराब. आमचं चुकलं तर आम्ही खराब. त्या बिचाऱ्याला आपण काय केलं ते कळलंही नव्हतं.

प्रयोगशाळेच्या परिचराला बोलावलं गेलं. वयस्क माणूस, छिंदवाड्याकडचा. त्याने काहीच लपवलं नाही.

"साब, सनीचर तक बोतल पुरती नहीं. ये बच्चे लोग नली धोने में ही कित्ता माल गिरा देते. तो मैं थोड़ा पानी डाल देता. कब से डाल रहा."

"कब से?"

"जब से सनीचर की बैच चालू हुई, साब. पहले पाँचही बैच थी. माल आज भी उतनाच बनता."

सगळा उलगडा एवढाच होता. जागा वाढल्या, मुलं वाढली, सहावी बॅच आली, तिच्यासाठी टेबलं आली, स्टुलं आली. बाटली तेवढी जुन्या हिशेबाची राहिली. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडायला कोणी सापडलं असतं.

सरांनी तिथल्या तिथे ताजं द्रावण करायला सांगितलं आणि यापुढे शनिवारी सकाळी नवी बाटली भरायची असा हुकूम दिला. याबद्दल मी त्यांचे आभार मानले आणि मनापासून मानले. मग त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं.

"तू सांगत होतास ते बरोबर निघालं," ते म्हणाले. हे म्हणायला त्यांना जड गेलं नाही. ते तसे सरळ होते. "मी ऑफिसात तुझे गुण पाहिले. तू तर खुल्या यादीत बसतोस. तुझं त्या बॅचमध्ये काय काम? सोमवारी येत जा. तुझ्या जर्नलवर मी आजच सही करतो."

"आणि बाकीच्यांच्या, सर?"

"बाकीच्यांनी किती वेळा कँटीनचे आकडे लिहिलेत, मला ठाऊक नाही असं वाटतं का तुला?"

"पण सर, ज्यांनी खरं लिहिलं त्यांनाच रेघ मिळत होती. मग ते दुसरं काय लिहिणार?"

दारातून मला जोडीदार दिसत होता. तो ब्युरेट धूत होता आणि इतक्या सावकाश धूत होता की त्याला आतलं सगळं ऐकू जात असणार.

सोमवारी जाणं सोपं होतं. मला प्रथम वर्ग हवा होता, पुढे एम.एस्सी. करायचं होतं, आणि सोमवारी उजेड चांगला, नळाला पाणी, काचसामान धड. पण मी सोमवारी गेलो असतो तर सगळ्या कॉलेजने एकच अर्थ काढला असता: शनिवारच्या बॅचमध्ये एकच हुशार होता, त्याला बाहेर काढला. बाटलीची गोष्ट तिथेच मिटली असती.

मी म्हटलं, "सर, मला शनिवारीच राहू द्या. आणि सगळ्या बॅचला ते प्रयोग ताज्या बाटलीतून पुन्हा करू द्या. ज्याचं बरोबर येईल त्याच्या जर्नलवर सही करा. चुकलं तर नका करू."

"तुम्हाला एक दिलं की दुसरं हवं असतं," सर वैतागून म्हणाले. मग कपाळ चोळत म्हणाले, "ठीक आहे. पण वेळ वाढवून मिळणार नाही. याच शनिवारांत बसवा."

मी बाहेर आल्यावर जोडीदार म्हणाला, "मोठा आला हरिश्चंद्र. गेला असता तं मले सोमवारचं रीडिंग तरी आयतं भेटलं असतं." आणि माझ्या हातात धुतलेलं ब्युरेट दिलं.

मग कित्येक शनिवार आम्ही नवे प्रयोग आणि जुने प्रयोग एकाच वेळी रेटले. परिचर घड्याळाकडे बोट दाखवी, आम्ही हात जोडत असू. उमरेडची संध्याकाळची एसटी माझी दरवेळी चुके. सगळ्यांची रीडिंगं बरोबर येऊ लागली, सोमवारच्याइतकीच. एकदोघांची तर सोमवारवाल्यांपेक्षा नेमकी. माझ्या जोडीदाराचा हात माझ्यापेक्षा चांगला होता हे मला तेव्हा कळलं. पातळ अल्कलीत ते कोणाला दिसणार होतं?

सरांनी सगळ्या जर्नलांवर सह्या केल्या. शिस्तीचे होते, त्यामुळे प्रत्येक जुन्या प्रयोगाच्या पानावर लाल पेन्सिलीने लिहिलं: 'पुन्हा केले.' बाटलीबद्दल काही लिहिलं नाही. ते लिहायचं कोणाला सुचलंही नाही, आम्हालाही नाही.

विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरगावहून परीक्षक आले होते. शनिवारची बॅच परीक्षेलाही शेवटचीच. परीक्षक एकेक जर्नल चाळत होते. 'पुन्हा केले.' 'पुन्हा केले.' पाचसहा जर्नलं पाहून झाल्यावर त्यांनी आमच्या सरांकडे वळून समजूतदार आवाजात विचारलं, "राखीवची बॅच का?"

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो, पण त्याचं कारण वेगळं आहे. बाटली..."

"कळलं, कळलं," परीक्षक म्हणाले. "चालायचंच. तुम्ही मेहनत घेताय हे दिसतंय."

सरांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. त्यांना कोणी मध्येच तोडल्याचं मी प्रथमच पाहत होतो. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं बरंही वाटलं. मग मी पुढे होऊन म्हटलं, "सर, आमच्या बॅचची अल्कली—"

"बाळ, वेळ जातोय तुझा," परीक्षक मायेने म्हणाले. "प्रयोगाला लाग. घाबरू नकोस, आम्ही सांभाळून घेतो."

मी माझ्या टेबलाशी परत आलो. पलीकडे माझा जोडीदार ब्युरेट भरत होता. त्याने वर न बघता विचारलं, "काय म्हणते?"

"सांभाळून घेते म्हणते."

"बापा रे!" तो म्हणाला. "म्हणजे आता बरोबर आलं तरी त्याच्याचमुळं आलं." आणि नळीशी डोळा नेऊन त्याने पहिला थेंब सोडला.